वाफसा येईपर्यंत: कॉटनवूड कॅन्यन रस्त्यावरचा एक ओला दिवस

संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी आमच्या दोन्ही गाड्या एकाच उतारावर, एकमेकींपासून जेमतेम चाळीस मीटरवर, रस्त्याच्या डाव्या चरात तिरप्या होऊन थांबल्या होत्या. इंजिनं सुरळीत, टायर शाबूत, पेट्रोल अर्ध्या टाकीहून जास्त. पाऊस थांबून अडीच तास होऊन गेले होते आणि पश्चिमेला चक्क ऊन होतं. माझी गाडी खास अशाच रस्त्यांसाठी घेतलेली, फोर बाय फोर, लो रेंजची, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरची. तरी एक्सलरेटरला नुसता पाय लावला की ती पुढे जायच्या ऐवजी चराकडे आणखी कलायची.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण ज्या चुकीमुळे तिथे पोचलो ती मी टणक खडीवर निवांत उभा असताना केली, आणि करताना ती मला चूक वाटलीच नव्हती.

रस्ता आणि माणसं

कॉटनवूड कॅन्यन रोड अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला आहे. कॅननव्हिल गावापासून हायवे ८९ पर्यंत सुमारे ४६ मैल, म्हणजे ७४ किलोमीटर. कोडाक्रोम बेसिन स्टेट पार्कच्या फाट्यापर्यंत डांबर आहे, पुढे कच्चा. हा सगळा मुलूख ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे नॅशनल मॉन्युमेंटमधला. १९९६ साली हे मॉन्युमेंट जाहीर झालं आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खातं त्याचा कारभार बघतं. जमिनीचे थर इथे एका लांबलचक रेषेवर वाकून उभे राहिले आहेत. त्या उभ्या कडांची रांग कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दिसते म्हणून तिला कॉक्सकोम म्हणतात. रस्ता बराच वेळ त्या तुऱ्याच्या कुशीतूनच जातो, आणि म्हणूनच तो इतका देखणा आहे. पण तेवढ्याचसाठी तो फसवाही आहे. थर उभे असल्यामुळे गाडी थोड्या थोड्या अंतरात एका मातीवरून दुसऱ्या मातीवर जाते. एक रस्ता म्हणून आपण ज्याचा विचार करतो त्यात पाच-सहा वेगळे रस्ते असतात, आणि पावसाला प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

आम्ही पाच जण होतो. पुढच्या गाडीत मी आणि बायको. मागच्या गाडीत दाजी, ताई आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच माई म्हणतो. दाजींची गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह क्रॉसओव्हर, टायर हायवेचे. दोन्ही गाड्यांत वॉकी-टॉकी. माझ्याकडे फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या), ओढायचा पट्टा, हवा भरायचा कॉम्प्रेसर, चोवीस लिटर पाणी आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारा सॅटेलाइट मेसेंजर होता. या रस्त्यावर फोनला रेंज धरूच नये. मुक्काम हायवे ८९ वरच्या पेज गावात, हॉटेलची खोली आधीच घेतलेली. ही खोली पुढे महत्त्वाची ठरते.

महिना सप्टेंबरचा, दुसरा आठवडा. या भागात मान्सूनच्या सरी जुलैपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येतात. दिवसभर संततधार क्वचितच. दुपारी ढग चढतात, वीस-तीस मिनिटं कोसळतात, आणि दहा मैलांवर धूळ उडत असते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी कॅननव्हिलच्या व्हिजिटर सेंटरमध्ये विचारलं तेव्हा उत्तर स्पष्ट मिळालं: उत्तरेचा भाग जाण्याजोगा आहे, दक्षिणेकडची माती ओली असेल तर जाऊ नका. रस्ता ओला असताना दुर्गम होतो हे तिथल्या पाटीवरही लिहिलेलं आहे. आम्ही दोन्ही वाचलं आणि ऐकलं. "बघू, तिथे पोचल्यावर ठरवू," असं मी म्हणालो. यात वावगं काही नव्हतं. पण पोचल्यावर नेमकं काय बघून ठरवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं नव्हतं.

वाळूने दिलेली खोटी साक्ष

पावणेदहाला डांबर संपलं. पकड वाढावी म्हणून टायरची हवा छत्तीस पीएसआयवरून बावीसवर आणली. पहिले काही मैल वाळूमिश्रित तांबड्या जमिनीचे होते आणि गाडी अशी चालली की मन प्रसन्न झालं. धूळ नाही, हिसके नाहीत.

याचं कारण साधं आहे. कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांशी देणंघेणं नसतं, चाक पडलं की ते बाजूला होतात. थोडं पाणी मिळालं की कणाकणांत पाण्याचे बारीक पूल तयार होतात आणि पृष्ठताणाने ते कण एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून समुद्रकाठी ओल्या वाळूवर सायकल चालते आणि कोरडीत रुतते. वाळवंटातही पाऊस पडल्यावर वाळूचा रस्ता सुधारतो.

आम्ही मात्र यातून वेगळाच अर्थ काढला. काल पाऊस झाला, आज रस्ता उत्तम आहे, तेव्हा हा रस्ता पाऊस सोसतो. अडीच तास आमच्या मनाला हाच धडा मिळत राहिला. मधे दोन ठिकाणी राखाडी चिकणमातीचे छोटे पट्टे लागले, गाडी जराशी वळवळली आणि पलीकडे निघून गेली. त्या वळवळीची नोंद मी घ्यायला हवी होती. बावीस पीएसआय, लो रेंज, सपाट जागा, एवढं सगळं बाजूने असतानाही ती झाली होती.

बाराच्या सुमारास ग्रोव्हनर आर्चला पोचलो. दोन भोकांची ती पिवळसर कमान बघत जेवलो. इथपर्यंत सगळ्यांना ऊन लागलेलं.

आभाळ बघणं आम्हाला जमलं

दुपारच्या दोन निर्णयांबद्दल मला आजही समाधान आहे, कारण त्यांत आम्ही घाई केली नाही.

सव्वा वाजता कॉटनवूड नॅरोज या अरुंद घळीपाशी पोचलो. रस्त्याला समांतर जाणारी, उंच भिंतींची ही घळ चालत बघण्यासारखी आहे. ताईला फार इच्छा होती. वायव्येला, ब्राइस कॅन्यनच्या दिशेने, ढग काळे होत होते. आमच्या डोक्यावर निळं आभाळ होतं. दाजी लगेच म्हणाले, "आत कोणी जायचं नाही." घळीत शिरणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, पाणी जिथून येतं तिथलं बघावं लागतं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा जण वाहून गेले, तेव्हा पाऊस घळीपासून कित्येक मैल दूर पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ ला झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले, आणि त्याच दिवशी हिल्डेल गावात ओढ्याच्या लोंढ्याने दोन गाड्या नेल्या, त्यांतल्या तेरा बायका-मुलांचा जीव गेला. हिल्डेलची माणसं घळीत उतरलेली नव्हती. ती रस्त्यावर, गाड्यांत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्यावरही सर आली. वीस मिनिटं समोरचं बॉनेट दिसत नव्हतं. आम्ही उंचवट्यावर थांबून राहिलो. पाऊस ओसरल्यावर पुढे निघालो तर पहिल्याच कोरड्या ओढ्यात पाणी वाहत होतं. काथ्याच्या रंगाचं, वर फेस, काटक्या आणि मधूनच एखादा ओंडका. रुंदी फार तर सात मीटर. खोली दिसत नव्हती, आणि गढूळ पाण्यात ती कधीच दिसत नाही. अमेरिकेची हवामान सेवा सांगते की एक फूट वाहतं पाणी बहुतेक छोट्या गाड्या उचलू शकतं आणि दोन फूट पाणी मोठ्या गाड्याही वाहून नेतं. गाडीचं वजन अशा वेळी कामाला येत नाही, कारण पाणी गाडीला आधी वर उचलतं आणि मग ढकलतं.

बायकोने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. दहा मिनिटांनी दगड आणि पाणी यांत वीतभर अंतर पडलं. पन्नास मिनिटांनी प्रवाह घोट्याएवढा झाला. मग बूट घालून मी आणि दाजी आडवे चालून गेलो. पाण्याने पलीकडच्या काठाला गुडघ्याच्या जरा खाली येईल अशी पायरी कापली होती. वरून ती दिसली नसती आणि दाजींच्या गाडीचा बंपर तिथे राहिला असता. अर्धा तास दगड भरले, फावड्याने काठ तासला, आधी मी पलीकडे गेलो, मी थांबल्यावर दाजी आले.

शेवटच्या वाक्यातली ती शिस्त लक्षात ठेवा. आधी एक गाडी पूर्ण पलीकडे, मग दुसरी. दीड तासाने मी ती मोडली.

खडीच्या टप्प्यावरचा निर्णय

पुढे हॅकबेरी कॅन्यनचं तोंड गेलं, मग पारिया नदी कॉक्सकोम फोडून बाहेर येते ती जागा. पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही एका खडीच्या उंच, सपाट टप्प्यावर थांबलो. नदी बरीच खाली. समोर राखाडी, झाड नसलेल्या, सुरकुतलेल्या टेकड्या. त्यांतून चढउतार करत रस्ता हायवेकडे जातो. हायवे साधारण नऊ मैलांवर.

ही राखाडी माती म्हणजे ट्रॉपिक शेल. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. ज्वालामुखींची राख त्या समुद्रात पडत गेली आणि कालांतराने तिचं बेंटोनाइट झालं. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे, थरावर थर. पाणी त्या पत्त्यांच्या मधे शिरतं, पत्ते दूर सरकतात आणि माती फुगते. आपल्याकडची काळी कापसाची जमीनही याच कुळातल्या खनिजांची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको.

तरी एक फरक सांगायलाच हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. बेंटोनाइट फुगलं की वरचा थर स्वतःच झाकण होतो आणि पाण्याला खाली जाऊ देत नाही. याच गुणामुळे तळ्यांच्या तळाला गळती थांबवायला बेंटोनाइट घालतात. म्हणजे छोट्या सरीनंतर तिथे खोल चिखल नसतो. चार-पाच सेंटिमीटरचा साबणासारखा थर असतो आणि त्याखाली जवळपास कोरडी, सिमेंटसारखी टणक जमीन. टायर त्या थरावर तरंगतो. टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि मग चारही चाकं गुळगुळीत रूळ होतात. फोर बाय फोर इंजिनाचा जोर चार चाकांत वाटून देतं. पण जमीन धरायचं काम टायरच्या कातडीचं, आणि ती कातडीच मातीने झाकली गेली की वाटून द्यायला उरतं काय?

हे सगळं मला पाच वाजून पाच मिनिटांनी माहीत होतं. वाचलेलं होतं. पण मी खाली उतरून बघितलं तेव्हा रस्त्याचा रंग फिकट होता. सर पडून गेल्यावर अडीच तास ऊन आणि वारा, वर पापुद्रा धरलेला, भेगा उमटायला लागलेल्या. ओली माती गडद असते, कोरडी फिकट, एवढ्यावर मी मत बनवलं. टाच रोवून बघितली असती तर पापुद्रा फुटून खालचा साबण दिसला असता. मी बुटाच्या तळव्याने नुसता दाबला.

आणि दुसरं, घड्याळ. साडेसातनंतर सूर्य मावळणार. पेजमध्ये खोली, गरम पाणी, माईंची पाठ दुखत होती. मागे फिरावं तर सदतीस मैल आणि तो ओढा परत. तिसरा पर्याय पायाखाली होता: जिथे उभे आहोत त्याच खडीच्या टप्प्यावर रात्र काढायची. पूर येणार नाही इतकी उंची, टणक जमीन, पाणी भरपूर. आज मला तो एकमेव शहाणा पर्याय दिसतो. तेव्हा तो माझ्या मोजणीतच नव्हता, कारण खोलीचे पैसे दिलेले होते आणि हायवे फक्त नऊ मैलांवर होता.

मी निघालो. तीनशे मीटर गाडी छान गेली. मी वॉकी-टॉकीवर म्हणालो, "दाजी, या. चाकं धरतायत."

त्याच वेळी मागच्या गाडीत माई खिडकीतून बघत दाजींना म्हणत होत्या, "ह्या रानाला वाफसा नाही रे अजून." हे मला रात्री कळलं. माईंचं बालपण आणि लग्नानंतरची पंधरा वर्षं काळ्या जमिनीच्या शेतीत गेली आहेत. दाजी म्हणाले, मी तुला सांगणार होतो, पण तू आधीच "या" म्हणालास. वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच माणूस बोलतो, आणि पुढच्या गाडीतल्याने हो म्हटलं की मागच्याला नाही म्हणणं अवघड जातं. पुढच्या गाडीतल्याला ही जाण हवी. मला नव्हती.

त्यानंतर रस्ता डावीकडे कलता होऊन उताराला लागला. कच्चा रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून. घसरणीवर तोच उतार गाडीला चराकडे नेतो. मी ताशी आठ-दहा किलोमीटरवर होतो. स्टिअरिंग उजवीकडे, चाकं उजवीकडे, गाडी डावीकडे, खेकड्यासारखी. ब्रेक सोडून दिला, एक्सलरेटर सोडला, गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे चरात जाऊन टेकली. आरशात दाजींची गाडी तशीच येताना दिसली.

दोन गाड्यांनी जायचं ते एक अडकली तर दुसरीने ओढावं म्हणून. दोन्ही एकाच वेळी एकाच मातीवर आल्या की दोन गाड्या असण्याचा उपयोग संपतो. त्या संध्याकाळी "या" या एका शब्दाने मी आमचा मदतीचा एकुलता एक मार्ग वापरून टाकला होता.

पंधरा मिनिटं आणि मग काही नाही

ट्रॅक्शन बोर्ड लावून बघितले. बोर्डच मातीवरून मागे निसटले, आणि बाहेर काढले तेव्हा त्यांचे दात मातीत बुडालेले. पट्टा जोडायला अर्थ नव्हता, ओढणारी गाडीही तेवढीच घसरत होती. चाक फिरवलं की खालची माती घासून आणखी गुळगुळीत व्हायची. दाजींच्या चाकाच्या कमानीत माती इतकी भरली की चाक अडकून फिरताना आवाज करायला लागलं. तशीच रेटली असती तर आतलं प्लॅस्टिकचं अस्तर किंवा एबीएसची वायर तुटली असती.

डावीकडे सपाट जमीन दिसत होती. चर ओलांडून तिथून वळसा घालता येईल असं दाजींना वाटलं. मी नको म्हणालो आणि ते लगेच पटले. तिथल्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी काळपट, खरबरीत जिवंत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू, दगडफूल, शेवाळ मिळून तो बनतो आणि जमीन धरून ठेवतो. एकदा चाक गेलं तर तो भरून यायला दशकं लागतात. मॉन्युमेंटमध्ये ठरवून दिलेल्या रस्त्याबाहेर गाडी घालायची मनाईही आहे. आपल्या घाईची किंमत त्या जमिनीने का द्यावी?

पाच पस्तीसला इंजिनं बंद केली. मग आम्ही पाच जणांनी रस्त्यावर उभं राहून एकेक प्रश्न घेतला, आणि हा अर्धा तास मला त्या दिवसातला सर्वांत चांगला वाटतो. आपण पाण्याच्या वाटेत आहोत का? नाही, ओढा खाली होता आणि चरातलं पाणी वळून जात होतं. कोणी आजारी आहे का? नाही. माईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या हॉटेलात ठेवलेल्या बॅगेत आहेत या कल्पनेने ताई घाबरली होती. माईंनी पर्स उघडली, गोळ्या, टॉर्च, सुई-दोरा आणि खडीसाखर, सगळं आत होतं. "घराबाहेर पडताना मी परत येणार असं धरून चालत नाही गं," त्या शांतपणे म्हणाल्या. कोणी चालत हायवेला जायचं का? नाही. अंधार, नऊ मैल, बुटाला दर पावलाला किलोभर माती, आणि मधले ओढे.

एसओएसचं बटण दाबायचं का, यावर थोडी चर्चा झाली. ते बटण जीव धोक्यात असेल तेव्हाचं. आम्ही अडकलो होतो, संकटात नव्हतो. भाचीला मेसेंजरवरून निरोप पाठवला: कुठे आहोत, सगळे ठीक, माती वाळेपर्यंत हलणार नाही, उद्या संध्याकाळी सहापर्यंत निरोप आला नाही तर शेरीफच्या ऑफिसला कळव. तिने लगेच टो ट्रक पाठवू का विचारलं. त्या मातीवर टो ट्रकही चालला नसता, आणि आणखी एका माणसाला तिथे घसरायला बोलावणं बरोबर नव्हतं.

रात्री नऊला उत्तरेला विजा चमकत राहिल्या. आमच्याकडे थेंब नाही. बाराच्या आसपास बायकोने मला उठवलं. खालून एक सलग घरघर येत होती, मधूनच दगडावर दगड आपटल्याचा आवाज. पारिया नदीला पूर आला होता. ही नदी ब्राइसकडच्या पठारावरून, ट्रॉपिक आणि कॅननव्हिलवरून खाली येते. तिकडचा पाऊस आमच्यापर्यंत काही तासांनी पोचला होता. दाजी गाडीतून उतरले आणि बराच वेळ अंधारात आवाजाच्या दिशेने बघत उभे राहिले.

वाफसा

सकाळी वारा सुटला. सातच्या पुढे सूर्य आला आणि माती फिकट पडायला लागली. या वेळी मी तंबूची खुंटी रोवून बघितली: वर दोन बोटं पापुद्रा आणि चिखल, त्याखाली टणक.

माईंनी वेगळं केलं. मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि उंचावरून सोडला. गोळा चपटा होऊन चिकटून बसला. "फुटला पाहिजे," त्या म्हणाल्या. शेतात पेरणीआधी वाफसा बघायची हीच रीत. माती ओली असते पण हाताला लागत नाही, दाबली तर गोळा होतो, टाकला तर फुटतो. त्या स्थितीला औत घालतात, आधी घातलं तर जमीन बिघडते. तास-तासाने त्यांनी गोळा टाकला.

साडेअकराला गोळा फुटला. माई म्हणाल्या, चला. मी उतारावर चालून बघितलं तर सावलीच्या बाजूला बूट अजून घसरत होता. इथे शेत आणि रस्ता यांत फरक निघाला. औताचा फाळ मातीत शिरतो, त्याला सगळ्या थराचा अंदाज हवा. टायरला फक्त वरची कातडी लागते, आणि गाडीची चाल सगळ्यात वाईट मीटरवर ठरते. माईंनाही ते पटलं. मग आम्ही गोळा सावलीतल्या मातीचा करायला लागलो. तो बाराला फुटला.

मधल्या वेळात काम भरपूर होतं. चाकांच्या कमानीतून काठीने आणि फावड्याने माती खरवडली, गाडीमागे तासभर लागला. टायरच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने मोकळ्या केल्या. आणि सर्वांत उपयोगी गोष्ट दाजींना सुचली: ओला थर दोनच बोटं आहे तर तो काढूनच टाकू. चरापासून रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापर्यंत, दोन्ही चाकांच्या रुंदीचे सहा-सहा मीटरचे पट्टे आम्ही फावड्याने खरवडून खालची टणक माती उघडी केली. आदल्या संध्याकाळी जे काम दोन इंजिनं आणि दोन बोर्डांनी झालं नव्हतं, ते एका फावड्याने झालं. फक्त आदल्या संध्याकाळी तो थर एवढा चिकट होता की काढायला गेलो असतो तर फावड्यालाच चिकटून राहिला असता.

१२ वाजून ४० मिनिटांनी मी टायर अठरा पीएसआयवर आणून, लो रेंज, दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने निघालो. चाकं रस्त्याच्या मधोमध. ब्रेकला पाय नाही, उतारावर इंजिनच धरून ठेवेल एवढा वेग. दाजी खरवडलेल्या पट्ट्यावर थांबून होते. मी पुढच्या खडकाळ चढावर पोचून, गाडी बंद करून, उतरून, मागे दोनशे मीटर चालत येऊन मग वॉकी-टॉकी उचलला. उरलेल्या मैलांत अशा आठ टप्प्यांत गेलो. हायवे ८९ ला अडीच वाजता लागलो. भाचीला निरोप पाठवला.

ताशी नव्वदला दोन्ही गाड्या थरथरायला लागल्या. चाकांच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मातीने तोल घालवला होता. पेजमध्ये धुताना ती माती दगडासारखी निघत होती.

आमच्या चाकांनी त्या उतारावर दोन-तीन बोटं खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. वाळल्यावर त्या सिमेंटसारख्या होतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यांतूनच वाहून रस्ता आणखी फाडतं. दुसऱ्या दिवशी बिग वॉटरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये जागा सांगून आलो. मनाला लागलेली गोष्ट हीच होती, गाडीचं काही बिघडलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा गेलो, या वेळी दक्षिणेकडून. तीन आठवडे पाऊस नव्हता, मागे धुळीचा लोट. त्या राखाडी टेकड्या सुरू व्हायच्या आधी आरशात बघितलं तर दाजींची गाडी खडकाळ जागेवर थांबलेली होती. मी काही बोललो नव्हतो. पलीकडच्या खडीच्या टप्प्यावर पोचलो, उतरलो, टाच रोवून बघितली, मग सांगितलं. वॉकी-टॉकीवर आधी माईंचा आवाज आला, "माती हातात घेतलीस का?" आणि त्यानंतर धुळीचा दुसरा लोट हलायला लागला.